खुबा मोडल्यावर



म्हातारे माणूस घरातल्या घरात पडते, उठता येत नाही, पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. एक्स-रे निघतो आणि नातेवाईक डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात: 'हाड जुळेल ना?' प्रश्न स्वाभाविक आहे. मोडलेले हाड जुळले की उपचार संपला अशी आपली समजूत असते आणि लहान मुलाच्या मनगटाच्या बाबतीत ती बरीचशी खरीही ठरते. खुब्याच्या बाबतीत मात्र ती फसवी आहे. ती तशीच पुढे चालवल्यामुळे आपल्याकडे कितीतरी माणसे हाड जुळलेले असूनही पुन्हा उठली नाहीत, हे मला आज मांडायचे आहे. सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या खुब्याची शस्त्रक्रिया करायची ती त्याला उभे करण्यासाठी. हाड जुळणे हे त्यातले साधन. एवढे एक मान्य केले, तर ऑपरेशन कधी करावे, कोणते करावे, पाय कधी टेकवावा आणि घरी पाठवताना काय द्यावे, या सगळ्यांची उत्तरे बदलतात. कशी बदलतात ते पाहू.

जुन्या विचाराला आधी त्याचा मान दिला पाहिजे, कारण तो मूर्खपणाचा नव्हता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे. मांडी आणि पोटरी मोडलेल्यासाठी तिथे कपाटशयन सांगितले आहे. रुग्णाला फळीवर निजवायचे, पाच खुंट्या ठोकायच्या आणि मोडलेला भाग हलणार नाही असा त्यांना बांधायचा. हाड सरळ ठेवले आणि हलू दिले नाही तर निसर्ग ते जोडतो, हे निरीक्षण अचूक आहे. आपल्या घराघरांत परवापरवापर्यंत चालत आलेली 'वजन लावण्याची' पद्धत त्याच विचाराची. पायाला चिकटपट्टी, पट्टीला दोरी, दोरी खाटेच्या पायथ्यावरून खाली सोडलेली, टोकाला वाळूची पिशवी किंवा दोन विटा, आणि अंग पायथ्याकडे घसरू नये म्हणून खाटेचे पायथ्याचे पाय उंच केलेले. असे दहा-बारा आठवडे काढले की खुब्याच्या एका प्रकारच्या मोडीत हाड खरोखरच जुळते. थोडे वाकडे जुळते, पाय आखूड राहतो, पण जुळते. तेव्हा वजन लावून हाड जुळत नाही असे कोणी सांगत असेल तर ते अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्यावर शस्त्रक्रियेची बाजू उभी करू नये.

'एका प्रकारच्या मोडीत' म्हटले, त्याचा खुलासा शरीररचनेतून करावा लागेल. मांडीचे हाड सरळ वर जाऊन कमरेला भिडत नाही. वर आल्यावर ते आत वळते, सुमारे १२५ ते १३० अंशांच्या कोनात एक आखूड मान निघते आणि तिच्या टोकाला उखळीत बसणारा गोळा असतो. भिंतीतून पुढे काढलेल्या सज्जाप्रमाणे या मानेवर भार टोकाला येतो. त्यामुळे तिच्या वरच्या बाजूला ताण पडतो आणि खालच्या बाजूला दाब. निसर्गाने आतली जाळी नेमकी त्याच रेषांत विणलेली आहे. झुरिकचे शरीररचनाशास्त्रज्ञ हर्मान फॉन मायर यांनी हाडाचे उभे काप काढले होते. १८६६ च्या सुमारास ते पाहताना कार्ल कुलमान या इंजिनिअरला त्यांत आपल्याच गणितातल्या बलरेषा दिसल्या. वय वाढते तशी ही जाळी विरळ होते, आणि ती सगळ्याच ठिकाणी सारखी विरळ होत नाही. म्हणूनच कमरेएवढ्या उंचीवरून बाजूवर पडणे एवढा आघातही म्हाताऱ्या खुब्याला पुरतो.

ही मान मोडते तेव्हा ती सांध्याच्या आवरणाच्या आत मोडते. मान जिथे मांडीच्या हाडाला मिळते, तिथल्या दोन उंचवट्यांच्या मधून मोड गेली तर ती आवरणाच्या बाहेर असते. एक्स-रेवर या दोन रेषांत दोन-तीन सेंटिमीटरांचे अंतर असेल, पण त्यांचे नशीब अगदी वेगळे. बाहेरचा भाग स्पंजासारख्या, रक्ताने भरलेल्या हाडाचा. तिथे हाड जुळणे हा प्रश्नच नसतो, ते कसे जुळेल एवढाच प्रश्न. आतल्या मानेचे तसे नाही. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेच्या बुंध्याशी मागून वळसा घेतात आणि मानेच्या पृष्ठभागाला चिकटून वर चढतात. मोडलेले तुकडे एकमेकांवरून सरकले की त्या फाटतात किंवा पिळल्या जातात. उखळीच्या तळाकडून एका बंधातून येणारी छोटी वाहिनी आहे, पण मोठ्या माणसात तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्यात मानेवरच्या अस्थिवेष्टनात नवे हाड तयार करणारा थर जवळजवळ नसतो. इतर हाडांभोवती जुळताना जी गाठ धरते ती इथे धरत नाही, आणि सांध्यातले पाणी मोडीच्या फटीत खेळत राहते. त्यामुळे मान कधी जुळतच नाही, आणि कधी जुळूनही वर्ष-दोन वर्षांनी रक्ताअभावी गोळा मरून चपटा होतो.

हा फरक लंडनचे सर अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२२ च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट मांडला. पुढची शंभर वर्षे शल्यविशारदांचा सगळा जीव एकाच ठिकाणी अडकला: ही मान जुळवायची कशी? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे रॉयल व्हिटमन पाय फाकवून, आत वळवून छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालत. बोस्टनचे स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ मध्ये तीन पात्यांचा खिळा पहिल्यांदा वापरला आणि १९३१ मध्ये त्यावर लिहिले. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या स्वेन योहान्सन यांनी तो खिळा पोकळ करून तारेवरून सरकवण्याची युक्ती काढली, त्यामुळे सांधा न उघडता तो ठोकता येऊ लागला. १९३५ मध्ये जर्मनीचे फ्रीडरिश पॉवेल्स यांनी मोडीची रेषा जितकी उभी तितकी ती दाबाऐवजी सरकण्याच्या बलाखाली येते, हे दाखवून दिले. त्याच वर्षी अमेरिकेच्या केलॉग स्पीड यांनी या मोडीला 'न सुटलेली' असे नाव देऊन टाकले. या मंडळींची बुद्धी आणि चिकाटी कौतुकाचीच आहे. पण या सगळ्या इतिहासात रुग्ण बहुधा एक्स-रेच्या चौकटीबाहेर आहे. मान जुळली की नाही याचे हिशेब सापडतात. ते माणूस घरी चालत गेले की नाही याचे फारच थोडे.

वळण आले ते दोन बाजूंनी, आणि दोन्हींत हाडापेक्षा माणूस आधी होता. मानेच्या मोडीत कोणीतरी असे म्हणण्याचे धाडस करायला हवे होते की हा गोळा वाचवण्याचा हट्टच नको. १९४० मध्ये ऑस्टिन मूर आणि हॅरॉल्ड बोलमन यांनी एका रुग्णाच्या गाठीने खराब झालेल्या खुब्याच्या जागी धातूचा भाग बसवला. १९५० च्या दशकात मूर आणि थॉम्पसन यांचे धातूचे गोळे सर्रास मिळू लागले. आपल्याकडे लोक 'बॉल बदलला' म्हणतात ते हे ऑपरेशन. सरकारी रुग्णालयांतल्या रेसिडेंट डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या मूरच्या गोळ्याला 'ए.एम.पी.' या तीन अक्षरांनी ओळखतात. यात जुळण्याचा प्रश्न निकालातच निघतो आणि दुसऱ्या दिवशी पाय टेकवता येतो. अस्थिशल्यविशारदाला हाड काढून टाकायला सांगणे म्हणजे त्याच्या धर्माविरुद्ध सांगणे, असे त्या काळी काहींना वाटले असेल. तरी सत्तरीपुढच्या, तुकडे सरकलेल्या मोडीसाठी आज जगभर हाच मार्ग रूढ आहे.

दुसरी बाजू बाहेरच्या मोडीची, आणि मला ती अधिक मनोरंजक वाटते. सुरुवातीचे खिळे आणि पट्ट्या एकसंध, ताठ असत. हाड जुळताना मोडीच्या जागी थोडे दबते, तुकडे एकमेकांत रुततात. ताठ खिळा दबू देत नाही. मग एकतर खिळा तुटतो, नाहीतर त्याचे टोक ठिसूळ गोळ्यातून वर फुटून उखळीत घुसते. १९५० आणि ६० च्या दशकांत यावर तोड निघाली ती सरकत्या स्क्रूची. गोळ्यात जाड स्क्रू बसवायचा, त्याचा दांडा पट्टीच्या नळीत मोकळा ठेवायचा. माणूस उभा राहिला की त्याचाच भार दांड्याला नळीत मागे सरकवतो, तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि दाबाखाली हाड लवकर जुळते. ज्या भारापासून हाडाला वाचवायचे होते तोच भार इथे जुळणीच्या कामाला लावला. पुढे हाडाच्या पोकळीत बसणारे आखूड रॉड आले, तेही याच तत्त्वावर. रॉड आतल्या बाजूला, शरीराच्या भाररेषेच्या जवळ असतो, म्हणून जिथे मोडीची रेषा उलटी जाते किंवा बाहेरची भिंत फुटलेली असते तिथे तो जास्त टिकतो.

आता थोडा वेळ ऑपरेशनच्या टेबलाशी थांबू, कारण 'चांगले ऑपरेशन' म्हणजे काय ते इथेच कळते. रुग्णाचा पाय ओढ देणाऱ्या टेबलाला बांधून मोड जुळवलेली असते. सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर समोरून आणि बाजूने असे दोन्ही फोटो घेत मानेतून गोळ्यात एक तार सरकवायची असते. स्क्रू नंतर याच तारेवरून जातो. सगळे भवितव्य या तारेच्या जागेवर ठरते. तार गोळ्याच्या मध्यात, टोकापासून फार लांब नाही अशी हवी. दोन्ही फोटोंत स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या शिखरापर्यंतचे अंतर मोजायचे आणि बेरीज करायची. अमेरिकेच्या बाउमगार्टनर यांनी १९९५ मध्ये दाखवले की ही बेरीज २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी होती अशा १२० रुग्णांपैकी एकाचाही स्क्रू गोळ्यातून फुटून बाहेर आला नाही. सोळांचे फुटले ते सगळे त्याहून अधिक अंतराचे. इंपोर्टेड की देशी, टायटॅनियम की स्टील, यावर नातेवाईक आणि विक्रेते जितका वेळ घालवतात त्याचा थोडा भाग या २५ मिलिमीटरवर घालवला तर बरे होईल. मोड नीट जुळवली नसेल तर महागातला रॉडही वाचवू शकत नाही, हे कोणताही प्रामाणिक शल्यविशारद मान्य करील.

अंथरुणाकडे वळू. हाडाला दहा-बारा आठवडे लागतात, पण म्हाताऱ्या शरीराजवळ तेवढी मुदत नसते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सरासरी सदुसष्ट वर्षांच्या बारा धडधाकट स्त्रीपुरुषांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवले. त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस गेले. हे झाले धडधाकटांचे; मोडलेल्या खुब्याच्या, अर्धपोटी, रात्र रात्र जागणाऱ्या माणसाचे काय होत असेल याची कल्पना करावी. पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पोटरीत रक्ताची गुठळी धरते, माकडहाडावर जखम पडते, लघवीची नळी घालावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग होतो. माणूस भ्रमात जाते, नातवाला ओळखत नाही. विकसित देशांतल्या नोंदींतही खुबा मोडलेल्यांपैकी साधारण २० ते ३० टक्के माणसे वर्षभरात दगावतात; त्यांचे हाड जुळले होते की नाही हे मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेले नसते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये हॉर्नबी आणि सहकाऱ्यांनी बाहेरच्या मोडीच्या १०६ रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले: काहींना सरकता स्क्रू, काहींना वजन. सहा महिन्यांनी मृत्यूंच्या प्रमाणात फरक दिसला नाही. 'मग ऑपरेशनची घाई कशाला?' असे कोणी म्हणू शकेल. पण त्याच अभ्यासात वजन लावलेल्यांचा रुग्णालयातला मुक्काम लांबला, हाड वाकडे जुळले, आणि सहा महिन्यांनी स्वतःचे स्वतः करता येणे गमावलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात लक्षणीय जास्त होते. याशिवाय ते वजन प्रशिक्षित नर्सच्या देखरेखीखाली, रुग्णालयात लावलेले होते. घरी सून आणि मुलगा दिवसातून दोनदा कूस बदलून देतात, तेव्हा त्या अभ्यासातला बरोबरीचा निकाल आपल्या पदरात पडेल असे मानता येत नाही. मृत्यू टळणे हे एकच माप ठेवले तर आक्षेप टिकतो. संडासापर्यंत स्वतः जाता येणे हे माप ठेवले तर टिकत नाही. माझे सगळे म्हणणे दुसऱ्या मापाविषयी आहे.

दुसरा आक्षेप वयाचा. 'पंच्याऐंशीची आई, हृदय अशक्त, रक्त कमी. ऑपरेशन झेपेल का?' या प्रश्नात एक गृहीत दडलेले असते, की ऑपरेशन न करणे हा सुरक्षित पर्याय आहे. तो सुरक्षित नसतो, हे वर सांगितलेच. तरीही थांबण्याची खरी कारणे असतात: आटोक्याबाहेर गेलेले हृदय, छातीतला जोराचा संसर्ग, सोडियम-पोटॅशियम फार बिघडणे. पण ही कारणे तासांत सुधारायची असतात. आपल्याकडे दिवस जातात ते बहुतेक वेगळ्याच कारणांनी. हिमोग्लोबिन दहा होईपर्यंत रक्त चढवत बसण्याची रीत आहे. पण हृदयाचा धोका असलेल्या आणि खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या २०१६ रुग्णांवर अमेरिका-कॅनडात झालेल्या अभ्यासाने २०११ मध्ये दाखवले की शस्त्रक्रियेनंतर रक्त आठच्या खाली गेल्यावर चढवले काय आणि दहाच्या खाली गेल्यावर लगेच चढवले काय, मृत्यूत आणि चालण्यात फरक पडत नाही. पाठीतून भूल की पूर्ण भूल यावर घरच्यांत वाद होतात; २०२१ मध्ये सोळाशे रुग्णांवरच्या अभ्यासात दोन्हींचा निकाल सारखाच आला. रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेलची गोळी चालू आहे म्हणून पाच-सात दिवस थांबण्याची शिफारसही आज प्रमुख मार्गदर्शक सूचना करत नाहीत. उरते काय, तर एकोचा रिपोर्ट, इन्शुरन्सची मंजुरी, रेशनकार्डाची झेरॉक्स, मुंबईहून थोरला मुलगा येण्याची वाट, आणि मधे आलेला रविवार. यांतल्या एकाचाही उपाय वैद्यकशास्त्रात नाही.

घाईची बाजू मांडताना मात्र तिचा गाजावाजा करू नये. भारतासह सतरा देशांतल्या एकोणसत्तर रुग्णालयांत २९७० रुग्णांवर झालेला 'हिप अटॅक' नावाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर सुमारे सहा तासांत ऑपरेशन झालेले एका बाजूला, सुमारे चोवीस तासांत झालेले दुसऱ्या बाजूला. नव्वद दिवसांतले मृत्यू ९ आणि १० टक्के, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. लवकर केलेल्यांत भ्रम कमी, लघवीचा संसर्ग कमी, पाय लवकर टेकवला, घरी लवकर गेले. या निकालाचा आधार घेऊन 'उशिराने काही बिघडत नाही' म्हणणारे विसरतात की तिथल्या उशिराच्या गटाला चोवीस तास लागले होते. आपल्याकडच्या पाचव्या किंवा नवव्या दिवसाबद्दल तो अभ्यास काहीच बोलत नाही.

तिसरा आक्षेप शल्यविशारदांचाच: इतक्या लवकर भार टाकला तर रॉड वाकेल, स्क्रू फुटेल. म्हणून 'सहा आठवडे पाय टेकवायचा नाही' असे कार्डावर लिहिले जाते. यामागची काळजी मी समजू शकतो, कारण रॉड फुटला तर बोल त्यांनाच लागतो. पण खुब्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्यातच बलमापक ठेवून बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान यांनी केलेल्या मोजणीत चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीच्या आसपास बल येते असे आढळले. आणि अंथरुणावर बेडपॅन घेण्यासाठी कंबर उचलतानाही हे बल कमी नसते, कारण ते मुख्यतः स्नायूंच्या ओढीने निर्माण होते. पडून राहिल्याने खुब्यावर भार येत नाही ही समजूत म्हणूनच चुकीची. न्यूयॉर्कच्या केनेथ कोव्हल यांनी १९९८ मध्ये दाखवले की 'झेपेल तेवढा भार टाका' असे सांगितलेली म्हातारी माणसे सुरुवातीला आपणहून कमीच भार टाकतात आणि आठवड्यांगणिक तो वाढवतात. आणि अर्धा भार टाका म्हटले तरी ऐंशीच्या माणसाला वॉकर धरून अर्धा पाय टेकवण्याचे ते गणित जमत नाही. ते एकतर पूर्ण टेकवते, नाहीतर उठतच नाही. जी जुळवणी माणसाचे वजन पहिल्या दिवशी पेलू शकत नाही ती मुळात चुकलेली आहे.

तरुणाचा खुबा हा माझ्या विधानाला खरा अपवाद आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करतो. मोटरसायकलवरून फेकल्या गेलेल्या पस्तिशीच्या माणसाचा गोळा काढून धातूचा बसवणे म्हणजे त्याला पुढच्या तीस-चाळीस वर्षांत दोन-तीन ऑपरेशनांच्या वाटेला लावणे. इथे हाडच वाचवायचे असते, मोड अचूक जुळवायची असते, आणि भार काही आठवडे टाळणे योग्य ठरते. या प्रांतात भारतीय शल्यविशारदांनी जे काम केले ते जगाने घेतले: कोलकात्याचे बक्षी यांनी स्नायूसकट हाडाचा तुकडा फिरवून मानेला नवे रक्त देण्याची पद्धत वापरली, चंदीगडच्या नागी यांनी पोटरीतल्या बारीक हाडाचा तुकडा आत घालून जुनी मोड जुळवली, अमृतसरच्या संधू यांनी २००५ मध्ये दुर्लक्षित मोडींचे वर्गीकरण मांडले. या कामाचा अभिमान वाटावा आणि मागोमाग खंतही वाटावी, कारण तीन-चार आठवडे, महिने उशिरा आलेल्या मोडींचे एवढे अनुभव जिथे साठतात तिथे पहिल्या दिवशीचे उपचार पोचत नाहीत असाच त्याचा अर्थ होतो. हाडवैद्याकडे आधी जाणे हे त्याचे एक कारण. पण जवळच्या रुग्णालयात एक्स-रे काढून 'मुका मार आहे' म्हणून परत पाठवलेली, तुकडे न सरकलेली मोडही त्यात असते. ती आठवड्याने सरकते.

साधनांच्या निवडीकडे मी मुद्दाम कमी वेळ देत आहे. २०१७ मध्ये मानेच्या मोडीत सरकता स्क्रू आणि बारीक स्क्रू यांची तुलना ११०८ रुग्णांत झाली; पुन्हा ऑपरेशन लागण्याचे प्रमाण २० आणि २२ टक्के. २०१९ मध्ये पूर्ण सांधा आणि नुसता गोळा यांची तुलना १४९५ रुग्णांत झाली. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन ७.९ आणि ८.३ टक्के. अशा निकालांवर प्रयोगशाळा आणि कंपन्या वर्षानुवर्षे भांडत राहू शकतात. एका बाबतीत मात्र पुरावा स्पष्ट आहे. ब्रिटनमध्ये पार्कर यांनी ४०० रुग्णांत सिमेंटने बसवलेला थॉम्पसनचा गोळा आणि विनासिमेंटचा मूरचा गोळा यांची तुलना केली. सिमेंटच्या गटात दुखणे कमी, चालणे चांगले. २०२२ मध्ये १२२५ रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात आधुनिक विनासिमेंट गोळ्याविरुद्धही सिमेंटच सरस ठरले. गोळ्याभोवतीचे हाड पुन्हा मोडण्याचे प्रमाण ०.५ टक्क्याविरुद्ध २.१ टक्के. सिमेंट घालताना क्वचित रक्तदाब कोसळतो, त्यासाठी भूलतज्ज्ञ सावध असावा लागतो. तरीही स्वस्त आणि झटपट म्हणून आपल्याकडे अजून विनासिमेंटचा मूर बसतो, त्याचा फेरविचार व्हायला हवा.

यापेक्षा कितीतरी मोठा फरक कशाने पडला ते इंग्लंडमध्ये दिसते. १९५०-६० च्या दशकांत हेस्टिंग्ज गावात अस्थिशल्यविशारद डेव्हास आणि वृद्धवैद्यक अर्विन यांनी एकाच वॉर्डात रुग्ण पाहायला सुरुवात केली. २००७ मध्ये खुब्याच्या प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. २०१० पासून छत्तीस तासांच्या आत ऑपरेशन, वृद्धवैद्यकाची तपासणी, पडण्याच्या कारणांचा शोध अशा अटी पाळणाऱ्या रुग्णालयाला जादा पैसे मिळू लागले. २००७ ते २०११ या चार वर्षांत तीस दिवसांतले मृत्यू १०.९ वरून ८.५ टक्क्यांवर आले. नवा रॉड कोणी शोधला नव्हता. नॉर्वेच्या ट्रॉनहाइममध्ये ३९७ रुग्णांवरच्या अभ्यासात अस्थिविभागाऐवजी वृद्धविभागात ठेवलेली माणसे चार महिन्यांनी अधिक चांगली चालत होती. ऑपरेशन करणारे हात तेच होते. 'आपल्याकडे वृद्धवैद्यक कुठे आहेत?' हा आक्षेप रास्त आहे. पण फिजिशियनने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फिटनेसच्या कागदावर सही करून जाण्याऐवजी रोज सकाळी फेरी मारायची ठरवली तर त्याला नव्या पदाची गरज नाही. वेदना कमी करणारी मांडीतली ब्लॉकची सुई रुग्ण दाखल होताच भूलतज्ज्ञ देऊ शकतो. पहिल्या सकाळी फिजिओथेरपिस्टने माणसाला खाटेच्या कडेला बसवायचे, दुपारी वॉकरवर उभे करायचे. यासाठी पैशापेक्षा कोणीतरी एकाने रुग्ण आपला मानण्याची गरज आहे.

या सगळ्या आग्रहाला एक सीमा आहे. आधीपासून अंथरुणावर असलेल्या, स्मृती गेलेल्या, आयुष्याच्या अगदी शेवटाशी आलेल्या माणसाला उभे करण्याचे उद्दिष्टच उरलेले नसते. नेदरलँड्समध्ये २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा १७२ रुग्णांच्या बाबतीत नातेवाईकांशी चर्चा करून सुमारे निम्म्या जणांचे ऑपरेशन केले नाही. त्यांतल्या ८३ टक्के रुग्णांचा महिनाभरात मृत्यू झाला, ऑपरेशन झालेल्यांत २५ टक्के. पण जिवंतपणी मिळालेला आराम दोन्हीकडे सारखा होता. तिथे वेदनाशमन हाच उपचार होता, आणि तो नीट केला गेला होता. 'वय झालंय, राहू द्या' असे म्हणून चालत्याबोलत्या माणसाला वजन लावून घरी पाठवणे याच्याशी त्याची गल्लत करू नये.

शेवटी डिस्चार्ज कार्डाकडे पाहू, कारण शस्त्रक्रियेचा विचार तिथे अर्ध्यावर सोडला जातो. कार्डावर अँटिबायोटिक, पेनकिलर, कॅल्शियमची गोळी आणि टाके काढण्याची तारीख असते. हाड पडल्यामुळे मोडले असे सगळे म्हणतात. ते ठिसूळ झाल्यामुळे मोडले याचा उल्लेख नसतो. एकदा खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा खुबा, मणका किंवा मनगट मोडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि दुसरा खुबा मोडल्यावर पुन्हा चालणारे थोडेच. २००७ मध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर २१२७ रुग्णांवर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडच्या वर्षातून एकदा द्यायच्या सलाईनमधल्या इंजेक्शनचा अभ्यास झाला. नव्या मोडी ३५ टक्क्यांनी घटल्या, आणि मृत्यूही २८ टक्क्यांनी. हे औषध आपल्याकडे अनेक भारतीय कंपन्यांचे मिळते. मूत्रपिंड फार बिघडलेले असेल तर ते देता येत नाही, आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता आधी भरून काढावी लागते. भरपूर उन्हाच्या या देशात ती कमतरता किती सर्रास आहे हे आता सर्वज्ञात आहे. त्या अभ्यासाच्या आकड्यांचे पुढे जे विश्लेषण झाले, त्यात शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी किंवा त्यापुढे दिलेल्या इंजेक्शनचा फायदा दिसून आला. टाके काढायला माणूस साधारण त्याच सुमारास येते. दाखल असतानाच मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासून ड जीवनसत्त्व सुरू केले असेल, तर त्याच फेरीत पंधरा-वीस मिनिटांत ते सलाईन देऊन होते.